पद माझं, निरूपण त्यांचं

हसू नका, आधी ऐका. लिडिया, तू तर अजिबात हसू नकोस, तुझं सुरू झालं की दीनालाही येतं आणि मग मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. तर मी कुलूप घेत होते. ट्रंकेचं. कापडबाजाराच्या तोंडाशी तो म्हातारा घोंगडीवर कुलपं पसरून बसतो ना, त्याच्यापाशी उकिडवी बसून मी एक कुलूप उघडत होते, मिटत होते, किल्ली जरा अडत होती, आणि तो म्हणत होता, तेल सोडा बाई दोन थेंब, मग बघा. आणि तेवढ्यात मागून गाणं आलं. पुष्कळ माणसांचं, चालता चालता म्हटलेलं, पावलांबरोबर खालीवर होणारं. आधी मला नुसती चालच ऐकू आली. ओळखीची वाटली. कुठलं बरं हे, असं मी मनात म्हणतेय तोवर शब्दही आले. मागे हाक नका मारू, वळेन तर थांबेन. माझे शब्द! अगं माझे! याच खोलीत, याच खिडकीत बसून, दीनाच्या भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेले. मी वळले तर पेटी. काळं कापड घातलेली, चौघांच्या खांद्यावर, आणि पुढे बाबा, पांढरा फेटा, डोळे मिटलेले, रस्ता न बघता चाललेले, एक ओळ ते म्हणतायत आणि मागची सगळी मंडळी ती झेलतेय. म्हातारा घोंगडीवरून उठून उभा राहिला, हात जोडले त्यानं. म्हणाला, "मरनाचं गानं लई चांगलं हाय तुमच्या लोकांचं. काळजात जातंय."

मरणाचं गाणं.

मला काय झालं ते सांगू? रडू नाही आलं. कान तापले. दोन्ही कान असे तापले की मला वाटलं लोकांना दिसत असतील, आणि दात, खालचे दात वरच्यांवर इतके घट्ट बसले की जबडा दुखायला लागला. मला त्या पेटीवर राग आला. आत कोण आहे हे मला माहीतसुद्धा नव्हतं आणि मला त्या मेलेल्या माणसाचा राग आला, की तू माझ्या गाण्यात का झोपलास, उठ, बाहेर ये, ती माझी जागा आहे. वाईट आहे ना असं वाटणं? वाटलं खरं. मग पेटीच्या मागे साळूबाई दिसली, दोन बायांनी धरलेली, आणि कळलं, तिचा योहान गेला. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा तो. विषमज्वरानं पडला होता हे ऐकून होते. बावीस वर्षांचा. माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा. मी कुलूप घोंगडीवर ठेवलं आणि त्यांच्या मागे निघाले, सगळ्यात शेवटी, आणि सगळे गात होते आणि मी एकटी तोंड मिटून चालत होते, आणि पद माझं होतं.

तुम्हाला पाठ आहे, तरी एकदा म्हणते. चालीवर नाही, नुसतं.

नको सोबतीस कोणी, वाट माझी मी चालीन
पुढे काय ते न ठावे, न ठावे ते मी पाहीन
दिवा घरीच राहू द्या, त्याची ऊब घरा असो
हात रिकामे घेऊन निघेन मी, भय असो
मागे हाक नका मारू, वळेन तर थांबेन
गाव ज्याला नाव नाही, त्याला हाक मी मारीन

आता सांगा, यात मरण कुठे आहे? सांगा ना. स्कूल बोर्डाचं पत्र आलं त्या दिवशी लिहिलं मी हे. कर्जत तालुका, बोरवाडी, मुलींची नवी शाळा, शिक्षिका एक. एक! पत्र वाचून मी तुमच्यासमोर या कॉटवर उड्या मारल्या आणि मेट्रनबाई वर आल्या. आठवतं? बोरवाडीत आपलं ख्रिस्त्यांचं एक घर नाही. मंडळी नाही, पाळक नाही, मिशनचा बंगला नाही, काही नाही. आपल्यातली मुलगी मास्तरीण झाली की मिशनच्या शाळेत जाते, दोघी-दोघी मिळून जातात, बरोबर एक म्हातारी बायबलबाई असते दाराला कडी लावायला. एकटी आणि बोर्डाच्या शाळेत, अशी कंपाउंडातली कुणी गेलीये का? मला ठाऊक नाही. मला तेच हवं होतं. मला असं वाटत होतं की आपल्या कंपाउंडाच्या भिंतीला जी एक फट आहे ना विटांमधली, जिच्यातून आपण लहानपणी रस्ता बघायचो, त्या फटीतून मी बारीक होऊन बाहेर पडतेय. पण पत्राबरोबर तो कागद होता. मुलगी एकवीस वर्षांच्या आतली आणि अविवाहित असेल तर वडिलांची संमती, सही. सोमवारी हजर व्हायचं. उद्या. आणि आज दुपारपर्यंत त्या कागदावर सही नव्हती.

मग सरळ का नाही मागितली, असं तू विचारलंस, दीना, तेव्हाही विचारलंस. तुझ्या घरी विचारता येतं. आमच्या घरी सरळ काही बोलतच नाही कुणी. आई होती तेव्हा ती तरी बोलायची, पीठ संपलंय, कौल फुटलंय, असं. ती गेल्यापासून बाबांचं सगळं पदांत आणि वचनांत. आमटीत मीठ कमी पडलं की शास्त्रातलं मिठाचं वचन म्हणणार. मी सकाळी उशिरा उठले की झोपून राहिलेल्या दहा कुमारिकांचं पद गुणगुणत अंगणात फेऱ्या मारणार. माझं मॅट्रिक झालं तेव्हा शाबास म्हणाले नाहीत, रात्रीच्या प्रार्थनेत सुईण आणि नवजात बालकाचा एक दृष्टांत लावला, मला चार दिवसांनी उमगलं की सुईण म्हणजे शाळा आणि बालक म्हणजे मी. अख्ख्या जिल्ह्यात प्रभुदासबुवांचं कीर्तन म्हणजे गाड्या जुंपून लोक येतात, आणि घरात दोन माणसं, एक चूल, आणि एक साधं वाक्य नाही. मग मी काय करणार? मी म्हटलं, यांना यांच्या भाषेत सांगू. पद केलं. आठाआठाचे चरण, यांना चाल लावायला सोपं जावं म्हणून, बोटांवर मोजून. घरी राहायला गेले तेव्हा त्यांच्या चिपळ्यांखाली ठेवून दिलं. आणि त्याखाली तो बोर्डाचा कागद.

मूर्ख. किती मूर्ख मी. कीर्तनकाराला कुणी अर्ज पदात देतं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागी झाले ती त्यांच्या आवाजानंच. अंगणात बसून म्हणत होते. नको सोबतीस कोणी. एकदा भूपाच्या वळणानं, एकदा जरा खाली उतरवून, थांबून, पुन्हा. अगं, माझं अंग असं हलकं झालं. मला वाटलं, कळलं. कळलं यांना! मी गोधडीत पडून राहिले, हलले नाही, जणू हलले तर ते थांबतील. ते 'निघेन मी' वर आले की आवाज जरा कापायचा आणि मी म्हणायचे, बाबांना वाईट वाटतंय, साहजिक आहे, एकुलती एक मुलगी, पण गातायत ना. गाणं म्हणजे हो. आमच्या घरात गाणं म्हणजे हो. कागदावर सही नव्हती, पण मी म्हटलं करतील, आधी चाल बसू दे. आठवडाभर ती चाल बसत होती आणि मी आईची ट्रंक काढून उन्हात ठेवली, आतले झुरळांचे डाग घासले, लुगड्यांच्या घड्या घातल्या, आणि बाबा येता-जाता त्या ट्रंकेकडे बघायचे आणि गुणगुणायचे. मी इतकी सुखात होते की मला आता त्या सुखाचाच राग येतो.

मग कापणीचा सण. तुम्ही दोघी होतात मागे, पण मी पुढे बायकांत बसले होते, वेदीसमोर भोपळे, कणसांचे भारे, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि बाबा उभे राहिले, म्हणाले, "आज मूळपद नवं आहे. माझ्या लेकीनं केलेलं." सगळ्या बायांनी माझ्याकडे वळून बघितलं. मी मान खाली घातली, पण आतून मी कोंबड्याएवढी ताठ. त्यांनी पद म्हटलं. आणि मग चिपळ्या काखेत धरून निरूपण सुरू केलं. "भाविकहो, हा वाटसरू कोण? हा आत्मा." मी वर बघितलं. "घरी ठेवलेला दिवा कोणता? हा देह. विझणार नाही का? विझणार. हात रिकामे का? कारण तिथं आपलं पुण्य चालत नाही." आणि नाव नसलेलं गाव म्हणजे ते वरचं. आणि मागे हाक नका मारू, हे कोण म्हणतंय? मेलेला माणूस म्हणतोय, जिवंतांना, की रडू नका माझ्या मागे. आणि त्या ओळीवर त्यांनी सगळ्या मंडळीला धरायला लावलं, पुरुष एकदा, बाया एकदा, आणि लोक ढसाढसा रडायला लागले. दर वर्षी कुणाचं ना कुणाचं गेलेलंच असतं. माझ्या शेजारच्या म्हातारीनं माझा हात धरला, म्हणाली, "पोरी, एवढ्याशा वयात तुला मरन कसं गं कळलं?" मला ओरडावंसं वाटलं, मरण नाही हो आजी, मोटारीनं चार तास! पण कीर्तनात मध्ये बोलत नाहीत. बुवा बोलतो आणि बाकीचे मान डोलावतात. मी पण डोलावली. तिथं बसून, माझ्याच पदाला, त्यांच्या अर्थावर, मी मान डोलावली.

आणि एक शब्द बदलला त्यांनी. तुमच्या लक्षात आलं नसेल. 'निघेन मी, भय असो' ला ते 'भय नको' म्हणाले. विश्वासणाऱ्याला मरणाचं भय कसलं, असं निरूपणात बसत नव्हतं ना. मला तर भय हवं होतं गं. म्हणजे हवं नव्हतं, पण होतं. होतं आणि ते घेऊन जायचं होतं. तेवढा एकच खरा शब्द होता त्या सगळ्या पदात आणि तो काढून टाकला, डाळीतला खडा काढावा तसा.

त्या दिवसापासून बघा ना. पद माझ्याकडे राहिलंच नाही. कुणाकडे दुखणं आलं की बोलावणं, बुवा, ते नवं पद म्हणा. दोन मयतांना म्हटलं म्हणे, मी इथे बोर्डिंगात होते, मला पत्ता नाही. आणि मी घरी गेले की ट्रंक बघून म्हणायचे, माणसानं तयारीत राहावं. मी ट्रंकेला हात लावला की मीच मरायला निघाल्यासारखं. मी एकदा म्हटलं, बाबा, त्या पदाखाली एक कागद होता. ते म्हणाले, "आहे जपून." संपलं.

आणि आज ते पुढे, पेटी मध्ये, मी मागे. स्मशानापर्यंत ऊन असं डोक्यावर. मी चालत होते आणि मनातल्या मनात भांडत होते, एक एक शब्द परत मागत होते, दिवा द्या, हात द्या, हाक द्या. पेटी खड्ड्यात उतरवली, पाळकांनी वाचन केलं, माती पडायला लागली. पहिल्या मातीचा आवाज लाकडावर पोकळ येतो, मग मातीवर माती पडते तेव्हा नाही येत. साळूबाई तो पोकळ आवाज ऐकून खाली बसली. आणि बाबांनी मला बघितलं. गर्दीतून, सगळ्यांच्या डोक्यांवरून. आपल्यात रीत आहे ना, नवं पद ज्यानं केलं त्यानं साक्ष द्यायची, कसं सुचलं, प्रभूनं काय दाखवलं. म्हणाले, "दया, बाळ, ये पुढं. पद तुझं आहे. दोन शब्द सांग या माउलीला."

लोक बाजूला झाले. मी पुढे गेले.  बाबा माझ्याकडे अशा मायेनं बघत होते, आणि तीच माया मला गिळून टाकेल असं वाटलं, मी आता दोन गोड शब्द बोलले की झालं, मग मी कधीच जाणार नाही कुठे, मी इथेच उभी राहीन खड्ड्यांच्या कडेला जन्मभर, लोकांना धीर देत. मी म्हणाले, आणि मोठ्यानं म्हणाले, "हे पद मरणाचं नाही. मला कर्जतला नोकरी लागलीये, त्याचं आहे. बोरवाडीला. सोमवारी हजर व्हायचंय. मी एकटी जाणार आहे. आणि मला भीती वाटते. आणि बाबांनी सही केलेली नाही."

 फावडी थांबली. पाळकांनी चष्मा काढला. मला वाटलं, झालं, फुटलं, आता काहीही होवो. आणि बाबा... बाबांनी हात वर केला. असा, निरूपणाचा हात. डोळे मिटले. आणि म्हणाले, "ऐकलंत, माझ्या भावांनो? पोरीनं सोपं करून सांगितलं. कर्जत! आपणा प्रत्येकाचं एक कर्जत आहे. सोमवार ठरलेला आहे. हजर व्हायचं आहे. आणि पित्याची सही झाल्याशिवाय, सांगा मला, कुणाला जाता येतं का?"

"आमेन," लोक म्हणाले. सगळे. गहिवरून. "आमेन."

हसा आता. हसा, लिडिया, मलाही हसू आलं असतं, पण मला त्या क्षणी खरंच वाटलं की मी काहीही बोलले तरी ते पदच होणार. मी शिवी दिली असती तरी त्यांनी तिचा अर्थ सांगितला असता. मी त्या खड्ड्यात उडी टाकली असती तरी, नाही, तेव्हा तर फारच सोपं गेलं असतं त्यांना. माझे हात इतके घट्ट मिटले होते की नखं रुतली, हे बघा. लोक पांगायला लागले, एक एक जण येऊन मूठभर माती टाकून जात होता आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवत होता. डोक्यावर हात! मग साळूबाईनं मला खालूनच पदराला ओढलं. मी तिच्याजवळ बसले. मला तिच्याशीही बोलायचं नव्हतं. ती म्हणाली, "तू भ्यायची गोष्ट काढलीस न्हवं? बुवा तर भय न्हाई म्हनत्यात. मग माझा योहान... त्यो भ्याला असंल का गं?"

मी तिच्याकडे बघितलं. तिला बुवांच्या लेकीकडून धीर नको होता. तिला खरंच माहिती हवी होती, जणू मी त्याच्याबरोबर थोडं पुढपर्यंत जाऊन आलेय. मी म्हणाले, "भ्याला असेल, मावशी. भीत भीतच गेला असेल."

"व्हय," ती म्हणाली. "व्हय गं. लहानपनापास्नं भित्राच हुता. अंधारात एकला परसाकडं जायचा न्हाई. मी म्हनायची, जा रं, मी हाय हितं दारात." आणि मग ती रडली. इतका वेळ ती नुसती बसली होती हे मला तेव्हा कळलं. मी तिला धरून बसले होते आणि माझा राग जरासुद्धा कमी झाला नाही, उलट वाढला, की हे हिला आधीच कुणी का नाही दिलं, हा एवढा एक शब्द हिच्या पोराच्या वाट्याचा होता आणि तो आमच्या घरात कुणीतरी काढून ठेवला होता.

मी घरी गेले. दारात बाबांच्या वहाणा. ते आत पाटावर बसून फेटा सोडत होते, गोल गोल, मांडीवर घड्या पडतायत. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "बाबा, पद नको, वचन नको. दृष्टांत दिलात तर मी पाण्याचा हंडा फोडीन." असं मी बोलले. बाबांशी. ते फेटा सोडायचे थांबले नाहीत. मी म्हणाले, "तुम्हाला त्या पदाचा अर्थ कळलाच नाही का? की कळूनही न कळल्यासारखं केलंत?"

"कळला," ते म्हणाले.

"कधी?"

"पहिल्या ओळीला."

 म्हणजे ते अंगणात गात होते ना, मी गोधडीत पडून सुखात होते ना, तेव्हापासून. "मग मरणाचं का केलंत?" मी ओरडले. शेजारच्या लंकाबाईनं खिडकी लावून घेतली, इतकी ओरडले. "मी जिवंत आहे, बाबा! जिवंत माणसाच्या जाण्याचं तुम्ही मरण का केलंत?"

फेटा पूर्ण सुटला होता. त्यांचं डोकं मागून इतकं लहान दिसतं, पांढरं, मला ते असं बघायची सवय नाही. ते म्हणाले, "मेलेल्या माणसाला पाणी मागावं लागत नाही."

मला कळेना. मी म्हटलं, हा पण दृष्टांतच.

"दृष्टांत नाही," ते म्हणाले. "बोरवाडीत विहीर एक असेल. पाटलाच्या मळ्यात नाहीतर देवळाच्या मागं. तू सोमवारी उतरशील. मंगळवारी घागर घेऊन जाशील. तुला विचारतील, कुणाची?" आणि मग, अगं, ते बोलले. भिंतीकडे बघून, पण साधं, आपण बोलतो तसं. एकवीस वर्षांचे होते. नेवाशाच्या अंगाला एका गावी एकटेच गेले होते, पहिलं कीर्तन, कुणी पाठवलं नव्हतं, हट्टानं गेले. चावडीपुढं कीर्तन झालं, लोकांनी मान डोलावली, एकानं तर गळ्यात हार घालावा म्हणून हार आणला आणि लांबून टाकला. कीर्तन करून घसा सुकला. विहिरीवर गेले. तिथं बाई होती, ती म्हणाली, रहाट बंद हाय. "रहाट माझ्यासमोर चालू होता, दया. बैल फिरत होते. पोहऱ्यातून पाणी सांडत होतं. आणि ती मला सांगतेय, बंद हाय." तीन दिवस ते ओढ्याचं पाणी प्यायले, जनावरं उतरतात तिथलं. चौथ्या दिवशी तापानं फणफणून गाडीत घालून आणलं. आईला माहीत होतं. मला कधी नाही सांगितलं. कुणालाच नाही.

मी तिथं उभी. तुम्हाला वाटेल मला त्यांची दया आली. आली असेल, कुठेतरी खाली. पण वर सगळा राग होता. त्या बाईचा, त्या रहाटाचा, एकवीस वर्षांच्या त्या बाबांचा, आणि या बाबांचा सगळ्यात जास्त, की हे एवढं पोटात ठेवून हा माणूस तीस वर्षं लोकांना जीवनाच्या नदीचं वर्णन ऐकवतोय. आणि माझा. कारण माझ्या पदात काय होतं? वाट होती, दिवा होता, गाव होतं. छान छान. विहीर नव्हती. मी घागर घेऊन कुठे जाणार हे मला सुचलंच नव्हतं. इथं कंपाउंडात नळ आहे ना आपल्या. अनोळखी, अनोळखी म्हणत मी खिडकीत बसून आठाआठाचे चरण मोजले आणि जे खरंच पुढे वाढून ठेवलंय त्यातलं एक अक्षर मला ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक होतं. आणि सांगायचं सोडून त्यांनी मला मारून स्वर्गात पाठवलं, कारण तिथं पाण्याची सोय आहे!

हे मी त्यांना तसंच म्हणाले. ते जरा हसल्यासारखे झाले. मग म्हणाले, "मी येतो बरोबर. पहिला दिवस. विहिरीवर मी विचारतो. तू मागं उभी राहा."

"नाही."

"लोक माझं कीर्तन ऐकून आहेत तिकडं."

"नाही, बाबा. मीच विचारीन."

"आणि नाही म्हणाले तर?"

 खरं सांगते, आज सकाळपर्यंत माझी भीती पिसासारखी होती, आता ती घागरीएवढी आहे आणि तिला तोंड आहे, काठ आहे. पण मी म्हणाले, "तर मला राग येईल. तिथं, विहिरीवर, सगळ्यांसमोर येईल. शाळेत येईल. बोर्डाला पत्र लिहिताना येईल. मी तो घरी आणणार नाही." आणि मग माझ्या तोंडून गेलं, "तुम्हाला नव्हता आला?"

ते फेट्याच्या घड्या सारख्या करत बसले. बाहेर लंकाबाईनं खिडकी हळूच पुन्हा उघडली.

"आला होता," ते म्हणाले. "फार आला होता. मग मी त्याचं पद केलं."

"कोणतं?"

त्यांनी पदाचं नाव सांगितलं. ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्हाला येतं ते. आपण तिघी रविवारच्या शाळेत टाळ्या वाजवून म्हणायचो, सगळ्यात गोड पद आहे ते त्यांचं, बाळांना झोपवताना म्हणतात. मी ते मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून बघितलं, त्यांच्यासमोर उभी राहून. त्यात राग कुठेच नव्हता. एका शब्दात नव्हता. इतकं स्वच्छ धुतलेलं होतं ते.

मी कोनाड्यातून दौत आणि टाक काढला आणि पाटापुढे ठेवला. त्यांनी चिपळ्यांखालून कागद काढला, घडी उलगडली, गुडघ्यावर ठेवून वाचला, सगळा, खालच्या बारीक अक्षरांसकट. टाक बुडवला. आणि माझ्याकडे वर बघून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. चाल लागण्याआधी त्यांचा एक श्वास असतो, तो मला ओळखू येतो.

मी म्हणाले, "नुसती सही, बाबा."